‘संदर्भ : गूगल’ याच्या पुढे : सातवी ते नववीच्या मुलांना माहिती शोधायला आणि तपासायला कसं शिकवावं

प्रकल्पाच्या वह्या तपासायला घ्या. वहीमागून वही तोच परिच्छेद, तेच चित्र आणि शेवटच्या पानावर ‘संदर्भ : गूगल’. मुलांना आळशी म्हणून आपण मोकळे होतो, पण चूक क्रमात असते. आपण विषय देतो, मूल थेट पडद्यासमोर बसतं, पहिलं सापडलेलं पान झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणतं. मधल्या पायऱ्या त्याला कोणी शिकवलेल्याच नसतात.

पुढचा आराखडा आठ तासिकांचा आहे. तासिका ३५ मिनिटांची, आठवड्यातून दोन. महिन्यातून एक तासिका ठेवली तर हे जमत नाही, कारण आधीच्या पायरीत काय ठरलं होतं ते मुलं विसरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. पन्नासच्या वर्गात पाच-पाच जणांचे दहा गट करा.

## तयारी : आदल्या आठवड्यात

विषय निवडताना एक कसोटी लावा. मुलांच्या आवाक्यातलं एक छापील पुस्तक, एक सरकारी पान, एक वर्तमानपत्रातली बातमी आणि एक तरी जुनं किंवा चुकलेलं पान तुम्हाला स्वतःला अर्ध्या तासात सापडलं पाहिजे. चौथी गोष्ट मुद्दाम हवी. सगळेच स्रोत चोख दिले तर मुलांना तपासायला काही उरत नाही. ‘प्रदूषण’, ‘पाणी वाचवा’ असले विषय इथे निरुपयोगी, त्यांत काहीही लिहिलं तरी खपून जातं. ठाणे-नवी मुंबईच्या शाळांना तीन विषय हाताशी आहेत : ठाणे खाडीतले फ्लेमिंगो, १८५३ची बोरीबंदर–ठाणे रेल्वे, आणि जिल्हा व शहर यांच्या बदलत्या हद्दी. तिन्हींवर भरपूर लिहिलं गेलं आहे आणि तिन्हींत गोंधळही पुरेसा आहे.

मग स्रोतांचा संच करा. एका विषयाचे सहा स्रोत ए-फोर कागदावर छापा आणि प्रत्येक गटाला एक संच द्या. ब्राउझरमधून छापताना ‘हेडर आणि फूटर’ची खूण चालू ठेवा, म्हणजे पानाचा पत्ता आणि छापल्याची तारीख कागदावर आपोआप येते. ही खूण बंद राहिली तर चौथ्या पायरीचा निम्मा सराव बुडतो.

संगणक कक्षातल्या एका यंत्रावर बसून स्वतः सगळं करून पाहा. दोन अडचणी हमखास येतात. शाळेच्या फिल्टरमुळे काही पानं उघडत नाहीत, आणि यंत्रावर मराठी कळफलक नसतो. विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडून फोनेटिक कळफलक निवडला की रोमन अक्षरांवरून देवनागरी उमटते. हे आधी केलं नाही तर पहिली तासिका त्यातच जाते. लागणारी पानं पीडीएफ करून पेनड्राइव्हवरही ठेवा, नेटवर विसंबू नका.

तपासणी : संच घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला वाचायला द्या. चुकलेला स्रोत कोणता हे त्यांना पहिल्या मिनिटात कळलं तर तो फार सोपा आहे. अजिबात कळलं नाही तर मुलांना फार अवघड जाईल.

## १. विषयाचा प्रश्न करा

पहिल्या तासिकेत संगणक बंद. प्रत्येक मुलाने कागदाचे दोन भाग करून एकीकडे विषयाबद्दल त्याला काय माहीत आहे ते लिहायचं, दुसरीकडे काय माहीत नाही ते. दहा मिनिटं. त्यानंतर गटाने ‘माहीत नाही’च्या रकान्यातून एक प्रश्न निवडायचा.

प्रश्न दोन्ही बाजूंनी तपासावा लागतो. ‘फ्लेमिंगोचा रंग कोणता?’ याला एका शब्दात उत्तर मिळतं, त्यासाठी प्रकल्प नको. ‘फ्लेमिंगोंचं जीवन कसं असतं?’ यावर ग्रंथ लिहावा लागेल, त्यामुळे मूल उतरवून काढणारच. चालण्याजोगा प्रश्न असा : ‘भरतीच्या वेळी खाडीतले फ्लेमिंगो नेरूळच्या पाणथळींकडे का येतात?’ याचं उत्तर एका पानावर सापडत नाही. पक्षी काय खातात ते एका ठिकाणी मिळेल, भरती-ओहोटीच्या वेळा दुसरीकडे, पाणथळींची माहिती तिसरीकडे. ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि त्यातलं खाद्य यांचा संबंध मुलाला स्वतः जोडावा लागतो. जोडायला लागलं की उतरवणं आपोआप कमी होतं.

इथे चुकतं : प्रश्न कच्चा वाटला की शिक्षक स्वतःच तो सुधारून देतात. तसं करू नका. ‘याचं उत्तर किती ओळींचं असेल?’ एवढंच विचारा आणि गटाला परत पाठवा. दोन-तीन फेऱ्या लागतात.

## २. शोधायचे शब्द आधी कागदावर

मुलं अख्खा प्रश्न शोधपट्टीत टाकतात आणि वर आलेला तयार सारांश उचलतात. त्यापेक्षा प्रश्नातली मुख्य नामं बाजूला काढा आणि प्रत्येकासमोर तीन-चार पर्याय लिहून घ्या. फ्लेमिंगोसाठी रोहित, अग्निपंख, आणि लेसर व ग्रेटर फ्लेमिंगो ही दोन इंग्रजी नावं, कारण दोन्ही जाती इथे येतात आणि त्यांचं खाणं वेगळं आहे. खाडीसाठी क्रीक, पाणथळ, कांदळवन. जुन्या कागदपत्रांत ठाण्याचं इंग्रजी स्पेलिंग ‘थाना’ असं वाचावं असं आहे, आणि त्याआधीच्या कागदपत्रांत ‘टॅना’ असं. आजचं स्पेलिंग टाकून एकोणिसाव्या शतकातलं काही सापडलं नाही, तर ते अस्तित्वात नाही असं ठरवायचं नाही.

शोधाच्या तीन खुणा पुरेत. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरणात. नको असलेला शब्द वगळायला त्याच्याआधी वजाचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता. फक्त सरकारी पानं हवी असतील तर रोमन लिपीत ‘साइट’, कोलन आणि ‘जीओव्ही डॉट इन’. मराठीत आणि इंग्रजीत एकेकदा शोधून निकाल शेजारी-शेजारी ठेवायला लावा, फरक मुलांना लगेच दिसतो.

याच तासिकेत दहा मिनिटं अकारविल्ह्यांना, म्हणजे कोशातल्या वर्णक्रमाला द्या. आठवीतल्या मुलांनाही कोशात शब्द शोधता येत नाही, कारण सरावच नसतो. ‘खाडी, क्षार, कांदळवन, ज्वार, ज्ञान, कोळी’ असे शब्द क्रमाने लावायला द्या. क्ष आणि ज्ञ काही कोशांत शेवटी असतात, काहींत क आणि ज यांच्या जोडाक्षरांत. म्हणून कोश उघडल्यावर आधी त्याची रचना पाहायची सवय लावा.

## ३. कोणता स्रोत आधी

आधी कोश किंवा पाठ्यपुस्तक, मग सरकारी किंवा संशोधन संस्थेचं पान, नंतर बातमी, शेवटी बाकी सगळं. क्रम असा अशासाठी की कोशातून नावं, सनावळ्या आणि पारिभाषिक शब्द मिळतात, आणि ते नसतील तर पुढचा शोध भरकटतो. मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो, पण निदान एक खंड तरी हातात घेऊन चाळू द्या. सूची, मथळा, नोंदीखालचं लेखकाचं नाव हे पडद्यापेक्षा कागदावर पटकन कळतं.

शाळेच्या ग्रंथालयात दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयावरून पुस्तकाला क्रमांक देण्याची पद्धत, असेल तर दोन क्रमांक देऊन गटांना कपाटाकडे पाठवा : पक्ष्यांसाठी ५९८, रेल्वेसाठी ३८५. वर्गीकरण नसेल तर ग्रंथपालांना आधी सांगून पुस्तकं एका टेबलावर मांडून घ्या. ठाण्यात १८९३पासून चालत आलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथे जायचं तर आधी पत्र देऊन वेळ ठरवा, एका वेळी दोन-तीन गटच न्या आणि प्रत्येक गटाचा प्रश्न व शब्दांची यादी लिहिलेली हवी. रिकाम्या हाताने नेलेला वर्ग तिथे फक्त हिंडतो.

जुनं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, दाखवायला फार चांगलं. ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२चा आहे. त्यातून त्या काळची गावं, बंदरं, व्यापार कळतो. आजची लोकसंख्या किंवा हद्द त्यातून घ्यायची नाही, आणि तो ब्रिटिश सरकारने तयार करवून घेतला होता हे टिपणात नोंदवायचं.

विकिपीडियाला बंदी घालून उपयोग नाही, मुलं तो वाचतातच. नियम एवढाच ठेवा : लेख वाचा, पण तळाशी दिलेल्या संदर्भांतला एक तरी उघडून तीच गोष्ट तिथे आहे का ते पाहा. ‘इतिहास पहा’वर टिचकी मारून पानात शेवटचा बदल कधी झाला तेही बघायला लावा.

माणसं हाही स्रोत आहे. चेंदणी कोळीवाड्यात किंवा दिवाळे गावात मासेमारी करणाऱ्या आजोबा-काकूंशी बोलायचं असेल तर परवानगी घेऊन बोला, तारीख टिपा, आणि ‘स्वतः पाहिलेलं’ व ‘ऐकलेलं’ असे दोन रकाने ठेवा. हे दोन रकाने नसतील तर मुलाखतीला पुरावा म्हणून काही किंमत राहत नाही.

## ४. पान उघडल्यावर

मुलं पानाचं रूप बघून विश्वास ठेवतात. रंगीत, स्वच्छ पान म्हणजे खरं. म्हणून वाचायच्या आधी तीन गोष्टी शोधायला लावा : कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, कशावरून लिहिलं. संचातल्या प्रत्येक कागदावर पेन्सिलीने या तिन्हींना गोल करायचा. जे सापडत नाही तिथे प्रश्नचिन्ह. पानाच्या तळाशी असलेलं चालू वर्ष ही मजकुराची तारीख नसते, ते दरवर्षी आपोआप बदलतं. इथे जवळजवळ प्रत्येक गट फसतो.

पुढचा भाग संगणकावर. संशय आला की त्याच पानावर खाली-खाली वाचत बसायचं नाही. दुसरी टॅब उघडून त्या संस्थेचं किंवा लेखकाचं नाव टाकायचं आणि इतर लोक त्याबद्दल काय सांगतात ते पाहायचं. वेळ तीन मिनिटं, घड्याळ लावून. स्वतःच्या ‘आमच्याविषयी’ पानावर कोणी स्वतःला वाईट म्हणत नाही, हे मुलांना लगेच पटतं.

चित्रांसाठी गूगल लेन्स वापरा, तेच चित्र आणखी कुठे आहे ते त्यातून शोधता येतं. १८५३च्या पहिल्या गाडीचं म्हणून जे चित्र वर्गात येईल त्यात मागे व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत दिसत असेल तर तिथेच थांबवा. त्या इमारतीचं काम १८७८मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. गाडी सुटली तेव्हा ती नव्हतीच. चित्रात काय दिसतंय आणि ते त्या साली असू शकतं का, हा प्रश्न लेन्सपेक्षाही कामाचा.

चॅटजीपीटी किंवा जेमिनीबद्दल थोडक्यात : प्रश्न तयार करायला आणि पर्यायी शब्द सुचवायला चालेल, स्रोत म्हणून नाही. विचारलं तर ते पुस्तकाचं नाव, लेखक, पृष्ठक्रमांक सगळं देतं, आणि कधी कधी तसं पुस्तकच नसतं. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत किंवा प्रकाशकाच्या पानावर सापडला तरच घ्यायचा.

थांबा : ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट ओआरजी’ पाहून पान विश्वासार्ह ठरवू नका. ही नावं पैसे भरून कोणालाही मिळतात. ‘जीओव्ही डॉट इन’ मात्र सरकारी कार्यालयांपुरतंच आहे, आणि तिथलीही माहिती जुनी असू शकते.

## ५. दोन आकडे जुळत नाहीत तेव्हा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, पूर्ण दोन तासिका. दोन आकडे दिसले की मुलं मोठा आकडा उचलतात किंवा सरासरी काढतात. सरासरी काढणारी मुलं तुम्हाला पहिल्याच वर्षी भेटतील.

पहिलं उदाहरण खाडीचं. एका पानावर क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, दुसऱ्यावर सुमारे ६,५२१ हेक्टर. दोन्ही बरोबर. पहिलं २०१५मध्ये जाहीर झालेल्या फ्लेमिंगो अभयारण्याचं, दुसरं २०२२मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) आलेल्या ठाणे खाडीचं, ज्यात अभयारण्याभोवतालचं संवेदनशील क्षेत्रही धरलं आहे. तिसऱ्या पानावर १६.९ हा आकडा सापडेल. तो चौरस किलोमीटरमध्ये आहे, म्हणजे पहिलाच. आकड्यामागे एकक आणि कशाचं मोजमाप, हे दोन्ही लिहिल्याशिवाय आकडा टिपायचा नाही.

दुसरं उदाहरण लोकसंख्येचं. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ असं मुलं बिनधास्त लिहितात. तो आकडा २०११च्या जनगणनेचा आणि तेव्हाच्या पंधरा तालुक्यांच्या जिल्ह्याचा आहे. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला. आठ तालुके तिकडे गेले, सात इकडे उरले : ठाणे, कल्याण, मुरबाड, भिवंडी, शहापूर, उल्हासनगर, अंबरनाथ. मुलांना २०११ची तालुकावार लोकसंख्या द्या आणि या सातांची बेरीज करायला सांगा. ती ऐंशी लाखांच्या थोडी वर येते. तीस लाखांचा फरक स्वतःच्या हाताने काढला की ‘माहितीची तारीख पाहा’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

नवी मुंबईच्या शाळांनी याला एक प्रश्न जोडावा : खारघर नवी मुंबईत येतं का? नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या नियोजनात येतं. महानगरपालिका मात्र पनवेलची, २०१६मध्ये झालेली, आणि जिल्हा रायगड. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा नवी मुंबई महानगरपालिकेचा, जिल्हा ठाणे. ‘नवी मुंबईची लोकसंख्या’ शोधणाऱ्या गटाने आधी कोणती नवी मुंबई ते ठरवायचं.

तिसरं उदाहरण दाव्याचं. ‘भारतातली पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे धावली.’ मद्रासजवळ रेड हिल्स इथे १८३७मध्ये दगड वाहणारी रेल्वे होती, आणि रुडकीजवळ सोलानी जलसेतूच्या कामावर १८५१मध्ये वाफेचं इंजिन चाललं. त्यामुळे वाक्यात ‘प्रवासी’ हा शब्द हवाच. एखादं विधान ‘पहिलं’, ‘सर्वांत मोठं’, ‘एकमेव’ असं म्हणत असेल तर त्याखाली लाल रेघ मारायची आणि ‘कशातलं?’ असं समासात लिहायचं.

इंग्रजी पानांवरून आकडे घेताना मिलियनचं लाख करणं हा वेगळा खड्डा आहे. एक मिलियन म्हणजे दहा लाख. फळ्याच्या कोपऱ्यात हे लिहून ठेवा आणि प्रकल्प संपेपर्यंत पुसू नका.

तपासणी : प्रत्येक गटाने न जुळणाऱ्या आकड्यांची किंवा विधानांची एक जोडी दाखवून फरक कशामुळे पडला ते एका वाक्यात सांगावं. ‘एक चूक आहे’ हे उत्तर धरू नका, कोणतं आणि कशावरून ते हवं.

## ६. टिपणं : पान बंद करून

ए-फोर कागदाचे चार तुकडे करा, हीच टिपणपत्रं. डावीकडे वर प्रश्नाचा क्रमांक, उजवीकडे स्रोताचा क्रमांक, मध्ये एकच मुद्दा, खाली पृष्ठ. स्रोतांची क्रमांकवार यादी वेगळ्या कागदावर आणि ती पहिल्या दिवसापासून. शेवटी करू म्हटलं की पुस्तक परत गेलेलं असतं आणि टॅब बंद झालेली असते.

लिहायची रीत : परिच्छेद वाचा, कागद उलटा करा, शेजारच्याला तोंडी सांगा, मग लिहा. तोंडी सांगण्याची पायरी गाळली तर वाक्यं जशीच्या तशी उतरतात. मूळ शब्दच हवे असतील तर अवतरणात आणि लाल पेनने. एका पत्रावर दोन मुद्दे आले तर ते फाडून दोन करायला लावा, कारण पुढे पत्रांचा क्रम लावताना तेच नडतं.

## ७. लेखन आणि संदर्भयादी

पत्रं टेबलावर पसरून क्रम लावा, मग लिहायला घ्या. दोन पानं पुरेत. पुस्तकासाठी लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, साल, पृष्ठ. संकेतस्थळासाठी संस्था, पानाचं शीर्षक, मजकुराची तारीख, पाहिल्याची तारीख. मुलाखतीला नाव द्यायचं तर त्या व्यक्तीला विचारून. गूगल हा रस्ता आहे, तो यादीत येत नाही.

## ८. गुण कशाला द्यायचे

वीस गुणांचं वाटप असं करता येईल : प्रश्नाला ३, स्रोतांच्या यादीला ४, टिपणपत्रांना ५, न जुळणाऱ्या जोडीच्या उलगड्याला ५, लेखनाला ३. सजावटीला शून्य. तक्त्याला गुण दिले की तक्ता आई-बाबा करतात. लेखन कच्चं पण पत्रं नीट असतील तर मुलाला पत्रांचे पूर्ण गुण मिळाले पाहिजेत, आणि उलटही. शेवटच्या तासिकेत प्रत्येक गटाच्या लेखनातलं एक विधान उचलून ‘हे कुठल्या पत्रावर आहे?’ विचारा. पत्र तीस सेकंदांत हातात आलं तर काम खरं.

## ९. तीन महिन्यांनी, न सांगता

शिकलेलं दुसऱ्या विषयात वापरता येतं का ते पंधरा मिनिटांत कळतं. पावसाळ्यात फिरणारा ‘उद्या ठाणे जिल्ह्यातील सर्व शाळांना सुट्टी’ असा संदेश छापून द्या आणि तो पुढे पाठवाल का ते कारणांसह लिहायला सांगा. संदेशावर तारीख आहे की नाही, असली तर याच वर्षाची आहे का, आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा की महापालिकेचा, आणि आपली शाळा त्या हद्दीत येते का, एवढं मुलांनी पाहिलं पाहिजे. पनवेलच्या शाळेला ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागू नाही, हे पाचव्या पायरीवरून त्यांना सुचायला हवं. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला तर संदेश अनेक हातांतून आला आहे एवढंच कळतं, तो खोटा आहे असं नाही. पीआयबीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं, तथ्यतपासणी पथक केंद्र सरकारशी संबंधित बातम्या पाहतं, शाळेच्या सुट्टीसाठी तिथे जाऊन उपयोग नाही. जिल्हा प्रशासनाचं किंवा महापालिकेचं अधिकृत खातं उघडायचं.

ज्या गटांना तारीख दिसली नाही त्यांना चौथी पायरी पुन्हा द्या, हद्द सुटलेल्यांना पाचवी. अख्खा वर्ग पुन्हा पहिल्यापासून बसवायची गरज नसते. संच पुढच्या वर्षी वापरणार असाल तर प्रत्येक पत्ता उघडून पाहा आणि बदललेली पानं नव्याने छापा. जुनी प्रत मात्र फेकू नका, नव्या संचात जुनं पान म्हणून तीच चालते.